तिसऱ्या डबीतला डोळा

१

निकाल लागला त्या सकाळी धाकटी साचेखात्यात आली, दार लोटून घेतलं आणि वकीलबाईंना म्हणाली, "बाई, मी पहिली आलेय. पण ज्या डोळ्यासाठी मला मार्क मिळालेत, तो डोळा मी काढलेलाच नाही."

वकीलबाईंचे हात मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होते. त्यांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नोकरी गेली म्हणून रडत आलेली माणसं त्यांनी पाहिली होती. नोकरी टिकली म्हणून असं पांढरं पडलेलं तोंड त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

कारखाना कृत्रिम डोळ्यांचा. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांच्यासाठी दुसऱ्या डोळ्याशी हुबेहूब जुळणारा डोळा इथे हाताने रंगवला जायचा. वकीलबाई त्यातल्या साच्यांचं काम करायच्या. वकिलीशी त्यांचा काही संबंध नव्हता. कुठलाही छापील कागद उलटसुलट करून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचायची खोड होती, म्हणून हे नाव पडलं. कर्मचारी प्रतिनिधी म्हणून त्या निवडून आल्या, कारण त्या वर्षी दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं.

डोळे रंगवणारे तिघे होते. सगळ्यात ज्येष्ठ मास्तर. बाकी सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून ते मास्तर. मग ताई, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. आणि सगळ्यात लहान ही धाकटी. उन्हाळ्याच्या तोंडावर पुनर्रचनेची सूचना लागली. रंगाऱ्यांची तिन्ही पदं रद्द, त्याऐवजी 'वरिष्ठ नेत्ररंग तंत्रज्ञ' अशी दोन नवी पदं. काम तेच, टेबलं तीच, खुर्च्यासुद्धा त्याच. पण आपल्याच खुर्चीसाठी तिघांनी नव्याने अर्ज करायचा आणि एकाने घरी जायचं. या कामाचा पूर्वानुभव आहे का, असा प्रश्न मास्तरांनाही विचारला गेला होता. त्यांनी उत्तर लिहिलं, 'थोडाफार.'

मुलाखत झाली आणि प्रात्यक्षिकही. घड्याळं दुरुस्त करणारे एक निवृत्त गृहस्थ, कारखान्याचे जुने गिऱ्हाईक, त्यांना समोर बसवून तिघांनी त्यांच्या चांगल्या डोळ्याला जोड म्हणून एकेक डोळा रंगवायचा. डबीवर नाव नाही, फक्त क्रमांक. बाहेरून आलेल्या परीक्षकाला कुठली डबी कोणाची हे ठाऊक नव्हतं. एक क्रमांक मास्तरांचा, दोन ताईचा, तीन धाकटीचा. निवड झाली धाकटीची आणि मास्तरांची. ताई गेली.

निकालानंतर कारखान्याच्या साहेबांनी तिन्ही डब्या मीटिंगच्या खोलीत उघड्या मांडून ठेवल्या होत्या. सगळं कसं पारदर्शक आहे, हे सगळ्यांना दिसावं म्हणून. धाकटी हौसेने आपला डोळा बघायला गेली आणि तिथून थेट इकडे आली.

"दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं," वकीलबाई म्हणाल्या.

"मी पण बसणार होते," धाकटी म्हणाली. "जिन्यापर्यंत आले तोवर विचार तोच होता. पण माझा डोळा गेला कुठे?"

२

वकीलबाईंच्या डोक्यात पहिली शंका आली ती साहेबांची, आणि ती त्यांना इतकी पटली की त्यांनी दुसरा विचारच केला नाही. ताई रजेवर. रजेवरच्या बाईला पुनर्रचनेत ठेवायचं म्हणजे पुढचे काही महिने जागा अडवायची. साहेबांनी ताईचा सरस डोळा धाकटीच्या डबीत टाकला असणार आणि धाकटीचा ताईच्या. दोन डब्यांची झाकणं उघडायची, एवढंच तर काम. तिघांचे डोळे तयार झाल्यावर डब्या दुपारभर रंगखात्याच्या टेबलावर पडून होत्या, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तिथून कोणीही जात-येत होतं.

अपिलाची तयारी करायची आहे असं सांगून त्यांनी साहेबांकडून डब्या मागून घेतल्या. प्रतिनिधीला नाही म्हणता येत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. सकाळी धाकटीला साचेखात्याकडे जाताना त्यांनी बघितलं होतं, म्हणून फक्त एवढंच विचारलं, की जिची निवड झालीय तिच्यासाठीही अपील असतं का. वकीलबाई म्हणाल्या, बघू.

ताई दुपारी आली, खांद्यावर बाळाला टाकून. आल्या आल्या म्हणाली, की मला काही भांडायचं नाही, झोप मिळत नाही त्यामुळे भांडायला अंगात जीवच नाही. मग तिने बाळ वकीलबाईंच्या हातात दिलं आणि दोन क्रमांकाची डबी उघडली.

वकीलबाई उत्तराची वाट बघत होत्या. ते उत्तर त्यांच्या मनात तयारच होतं.

"हा माझाच आहे," ताई म्हणाली.

"नीट बघ."

"बाई, स्वतःचं पोर ओळखू येतं तसं हे ओळखू येतं. बाहुलीच्या कडेला माझा ब्रश जरा जास्त टेकलाय. घाईत होते, हे घरी रडत होतं." तिने तीन क्रमांकाची डबी उचलली, डोळा बोटांवर फिरवला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हा मात्र माझा नाही. आणि धाकटीचाही नाही. ती बुबुळातल्या रेषा अशा लांब ओढत नाही. कोणाचा आहे हा?"

बाळ वकीलबाईंच्या खांद्यावर दूध ओकलं. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. ताईचा डोळा ताईच्या डबीत होता. मास्तरांचा त्यांच्या डबीत असणार. मग धाकटीच्या डबीतला हा कुठून आला? तीन रंगारी, आणि डोळे चार. त्यातला एक बेपत्ता, आणि एकाला बाप नाही.

३

मास्तर खिडकीशी बसून दाढीच्या ब्रशसारखा एक जाडा ब्रश धूत होते. ते कमी बोलायचे. शिकवतानासुद्धा विद्यार्थ्याच्या हातातला ब्रश काढून घ्यायचे, दोन रेषा ओढून दाखवायचे आणि ब्रश परत द्यायचे. धाकटीला त्यांनी तसंच घडवलं होतं. ती कामाला लागली तेव्हा तिचा हात थरथरायचा, आणि मास्तर तिच्या मनगटाखाली स्वतःची वही ठेवायचे.

वकीलबाईंनी त्यांच्यापुढे एक क्रमांकाची डबी ठेवली. त्यांनी वरवर बघितलं आणि मान हलवली. हो, माझाच.

खरं तर तो डोळा बघून वकीलबाईंना वाईट वाटलं होतं. रंग बरोबर, पण जीव नव्हता. मास्तर थकले असतील, असं त्यांनी मनात म्हटलं. तरीही निवड झाली होती, मग बोलायचं कशाला?

तिसऱ्या डबीतला डोळा मास्तरांनी हातात घेतला नाही. लांबूनच म्हणाले, "चांगला आहे."

"कोणाचा असेल?"

"तीन नंबर म्हणजे तिचाच की."

"ती नाही म्हणते."

मास्तरांनी ब्रश पुसला, फडक्यात गुंडाळला, पुन्हा सोडला. मग त्यांनी भलताच प्रश्न केला. ताईची जागा तर पक्की होती ना, असं त्यांनी विचारलं. बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला नवं पद आधी द्यावं लागतं, तिला स्पर्धेत उतरवायचंच नसतं, असं तुम्हीच मागच्या सभेत सांगितलंत, असंही ते म्हणाले.

वकीलबाईंनी ते सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. कायद्यात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण साहेबांनी ताईला इतरांसारखीच परीक्षा द्यायला बोलावलं, आणि ती बिचारी आली. वकीलबाईंनी लेखी हरकत घेतली होती, तिचं उत्तर अजून आलेलं नव्हतं.

"तो मुद्दा अपिलात येणारच आहे," त्या म्हणाल्या. मास्तरांना ताईची काळजी वाटते, याचं त्यांना बरं वाटलं. त्या प्रश्नाचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही म्हणावं, तर तसंही नाही. झोप आली, पण स्वप्नात सगळ्या डब्यांवर एकच क्रमांक होता.

४

परीक्षेला समोर बसलेले ते गृहस्थ, सगळ्यांचे घड्याळजी, एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांत राहायचे. भिंतीवर घड्याळं लटकली होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्यांना मोकळं सोडलं होतं, असं ते म्हणाले. तरुणपणी झाडाची फांदी लागून त्यांचा डावा डोळा गेला. धंद्यात त्याने काही बिघडलं नाही. "भिंग एकाच डोळ्याला लागतं. दुसरा तसाही बसून पगार खात होता."

वकीलबाईंनी त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि तिन्ही डोळे त्यांच्या चांगल्या डोळ्याजवळ एकेक करून धरले. परीक्षकाने हे केलं नव्हतं. त्याने मीटिंगच्या खोलीत, पडदे ओढून, ट्यूबलाइटखाली एका फोटोवरून निकाल दिला होता.

खिडकीच्या उजेडात पहिली गोष्ट दिसली. घड्याळजींच्या बुबुळाभोवती वयामुळे एक फिकट, राखी कडं आलं होतं. मास्तरांच्या डोळ्यात ते होतं. ताईच्या डोळ्यातही होतं. तिसऱ्या डबीतल्या सुंदर डोळ्यात ते नव्हतंच. तो डोळा म्हाताऱ्या माणसाचा नव्हता.

वकीलबाईंनी तीनदा खात्री करून घेतली. समोर बसलेल्या माणसाकडे बघून रंगवणारा ते कडं कसं विसरेल? विसरणार नाही. म्हणजे तो डोळा परीक्षेच्या दिवशी रंगवलेलाच नव्हता. समोर माणूस नसताना, आठवणीतून काढलेला होता. आणि आठवण होती ती कडं येण्याच्या आधीची.

"अरे, यात तर ठिपका आहे," घड्याळजी म्हणाले. त्यांनी तो डोळा हातात घेऊन भिंगाखाली धरला होता. बुबुळाच्या अगदी खालच्या कडेला तपकिरी रंगाचा एक कण होता. मग त्यांनी छताकडे पाहिलं. खालची पापणी सरकली आणि त्यांच्या खऱ्या डोळ्यात नेमका तिथेच तसाच कण दिसला.

समोर बघितलं की तो पापणीआड जातो, असं त्यांनी सांगितलं. परीक्षेत तिघांनीही त्यांना फक्त समोर बघायला लावलं होतं, तशी सूचनाच होती. हा ठिपका फक्त त्यांच्या बायकोला माहीत होता. ती गेली. मी घड्याळ टांगायला वर बघितलं की ती हसायची, एवढं बोलून त्यांनी भिंग पुसायला घेतलं.

वकीलबाईंनीही घाई केली नाही. मग हळूच विचारलं, की आत्ता तुमच्या खोबणीत जो डोळा आहे, तो कोणी केला?

"तुमच्याकडेच केला की. वर्षं झाली. तेव्हा ते साहेब नव्हते, साधे रंगारी होते. तुमच्या आत्ताच्या साहेबांनीच केला."

५

साहेबांच्या खोलीत वकीलबाई आज पहिल्यांदाच न बोलावता गेल्या. जिना चढताना त्यांचं सगळं जुळलं होतं. साहेब एकेकाळी रंगारी होते, मास्तरांचेच विद्यार्थी. घड्याळजींना त्यांनी तरुणपणी जवळून पाहिलं होतं. धाकटीला वर काढायचं आणि ताईला खाली ढकलायचं म्हणून त्यांनी आठवणीतून डोळा रंगवला. फक्त एक गोष्ट टोचत होती. ताईला काढायचंच असेल, तर ताईची डबी बिघडवायची सोडून धाकटीचा डोळा सुधारायचा आडवळणाचा उद्योग साहेब का करतील?

साहेब वैतागलेले होते. टेबलावर त्यांचाच एक अर्ज अर्धवट भरून पडला होता. पुनर्रचनेत त्यांची खुर्चीही आली होती आणि पुढच्या आठवड्यात त्यांची मुलाखत होती. वकीलबाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांचा आवाज आपोआप थोडा उतरला.

त्यांनी ठिपक्याबद्दल विचारलं. साहेब आधी गोंधळले, मग एकदम हसले. किती वर्षांनी तो ठिपका आठवला, असं म्हणाले. "मी तो घातलाच नव्हता. म्हणून तर मास्तरांनी मला झापलं. गिऱ्हाईक डोळा बसवून घरी गेलं, आणि संध्याकाळी मास्तर म्हणाले, माणसाला वर बघायला लावलं होतंस का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग तू डोळा बघितलाच नाहीस. मी इतका खजील झालो, की पुढच्याच वर्षी ऑफिसच्या कामाला अर्ज केला."

घड्याळजींच्या खोबणीतल्या डोळ्यात ठिपका नव्हता, हे वकीलबाईंनी सकाळीच पाहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र त्यांना आत्ता लागत होता. ज्याने तो डोळा केला त्याने ठिपका पाहिला नव्हता. पाहिला होता दुसऱ्याने.

तरी त्यांनी आणखी एक प्रश्न केला. मास्तरांचा डोळा इतका सुमार असूनही ते निवडले कसे गेले? साहेबांनी आढेवेढे घेतले, मग सांगितलं. डोळ्याच्या मार्कांखेरीज मुलाखतीचे मार्क होते, आणि 'सेवेतील सातत्या'चेही. नुसत्या डोळ्यांवर बघितलं तर मास्तर शेवटी होते. सातत्याने त्यांना वर आणलं. ताईची रजा खंड म्हणून धरली गेली, त्यात ती खाली गेली.

"सातत्याला मार्क आहेत, हे तिघांना आधी सांगितलं होतं?"

साहेबांनी मार्कांचा कागद उलटा करून ठेवला.

वकीलबाई खाली आल्या आणि प्लास्टरच्या पोत्यावर बसल्या. गोंधळ संपला होता, पण त्याचं समाधान वाटत नव्हतं. ठिपका दोघांना माहीत होता, साहेबांना आणि मास्तरांना. त्यातला एक जण या परीक्षेला बसला होता. स्वतःची भाकरी पणाला लागलेली असताना, जो माणूस दुसऱ्याला ठिपक्यासाठी झापतो, त्याने स्वतःच्या डोळ्यात तो का घातला नाही? विसरला म्हणून नव्हे. कारण मास्तरांना आपल्या डोळ्याने जिंकायचंच नव्हतं.

६

मास्तरांनी नाकारलं नाही. उलट त्यांना सुटल्यासारखं झालं असावं.

परीक्षेला घड्याळजी येणार, हे कळलं त्याच दिवशी त्यांनी साचेखात्याच्या ताटातला एक जादा पडलेला पांढरा गोळा उचलला आणि डोळा रंगवला. परीक्षेच्या दुपारी धाकटीच्या डबीतला डोळा काढून तो ठेवला. आपला मुद्दाम बिघडवला. हिशेब सोपा होता. एक जागा कायद्याने ताईची. उरली एक. ती धाकटीला मिळावी, आपण जावं.

"मग अर्जच करायचा नव्हता," वकीलबाई म्हणाल्या.

अर्ज न करणारा स्वतःहून गेला असं धरतात, त्याला नोकरकपातीची भरपाई मिळत नाही, असंही तुम्हीच सांगितलं होतं, याची मास्तरांनी आठवण करून दिली. वकीलबाईंना स्वतःच्या सभेतलं एकेक वाक्य आता आठवायला लागलं. माणसं इतकं लक्ष देऊन ऐकत असतील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी पुढे हेही सांगितलं होतं, की स्वखुशीने कपातीत नाव घाला अशी विनंती करता येते. ते तेवढं मास्तरांनी ऐकलं नव्हतं, किंवा तोवर त्यांचं ठरून गेलं होतं.

"सातत्याचं मला माहीत नव्हतं," मास्तर म्हणाले. "मी खाली पडायला गेलो आणि ताई पडली. निकाल लागल्यापासून मला अन्न गोड लागत नाही."

"धाकटीचा डोळा कुठाय?"

मास्तरांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. वकीलबाईंनी डोळा खिडकीकडे धरला. त्यात ठिपका नव्हता. पण ते राखी कडं होतं, आणि कसं होतं. वरच्या बाजूला दाट, खाली विरत गेलेलं, बुबुळाच्या निळसर करड्या रंगात कुठे संपतं ते कळू नये असं. घड्याळजींच्या खोलीतला तो म्हातारा, बायकोच्या आठवणीने भिंग पुसत बसलेला माणूस त्या डोळ्यातून बघत होता.

"घरी गेल्यावर बघितला," मास्तर म्हणाले. "बदलताना बघितलाच नव्हता. बघायची गरज वाटली नाही. मला वाटलं, तिला माझी मदत लागेल." ते थांबले. "माझ्यापेक्षा चांगला आहे, बाई. मी चोरला नसता तरी ती पहिलीच आली असती."

वकीलबाईंना त्यांच्यावर रागवायचं होतं. ते जमलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की साहेबांकडे मी आधी जाणार नाही, पण धाकटीकडे तुम्ही जायचं, आणि आजच.

७

मास्तरांनी सगळं सांगितल्यावर धाकटी रडेल, पाया पडेल, असं दोघांनाही वाटलं होतं. तिने तसं काहीच केलं नाही. रुमालातला डोळा उचलून आपल्या डबीत ठेवला आणि मास्तरांकडे न बघता बोलायला लागली.

"साहेबांनी मला न विचारता माझी नोकरी काढली. तुम्ही मला न विचारता ती परत दिलीत. मला कोणीच विचारलं नाही, मास्तर. तुमच्यासारखं काढता यावं म्हणून मी इतकी वर्षं घासली, आणि तुम्ही डबी उघडलीत, पण आतला डोळा बघितलासुद्धा नाही."

मास्तरांनी रिकामा रुमाल घडी करून खिशात ठेवला. धाकटी पुढे म्हणाली, की पुन्हा परीक्षा होणार असेल तर मी बसेन, पण तुम्हीही बसायचं आणि मनापासून काढायचं. स्वखुशीची विनंती नको, कोणाची कृपा नको. तुम्ही मुद्दाम हरलात तर मी नोकरी सोडेन.

वकीलबाईंनी अपील लावलं. मुद्दे दोनच. रजेवरच्या बाईला पद आधी देऊ केलं नाही, उलट रजेपायी तिचे मार्क कापले. आणि मार्क कशाला आहेत हे उमेदवारांपासून लपवलं. डब्यांचा उल्लेख त्यांनी केला नव्हता, पण सुनावणीत मास्तर स्वतःच उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपल्याला ठिपक्यासाठी झापणारा हाच माणूस, यावर त्यांचा विश्वास बसेना. शिस्तभंगाची कारवाई करावी लागेल, असं ते चाचरत म्हणाले.

वकीलबाई म्हणाल्या, "जरूर करा. पण आधी ठरवा, ही परीक्षा झाली की नाही झाली. कायद्याने ती रद्द होणार. जी परीक्षा झालीच नाही, तिच्यातली लबाडी कशी धरणार? आणि धरायचीच असेल, तर सातत्याच्या मार्कांपासून सुरुवात करू."

साहेबांनी थोडा विचार केला. त्यांना स्वतःची मुलाखत आठवली असावी. परीक्षा रद्द झाली. मास्तरांना एक लेखी ताकीद मिळाली. ताईला तिचं पद घरी पत्र पाठवून दिलं गेलं. ते आलं तेव्हा ती बाळाला न्हाऊ घालत होती, आणि ओल्या हाताने धरल्यामुळे सहीच्या जागी डाग पडला, असं तिने फोनवर सांगितलं. उरलेल्या एका जागेसाठी मास्तर आणि धाकटी पुन्हा बसले, या वेळी खिडकीपाशी, भर उजेडात. घड्याळजींना कुठेही बघायची मुभा होती. दोघांनीही त्यांना वर बघायला लावलं. परीक्षक शेवटपर्यंत हजर होता. निकाल तिथेच सांगितला गेला. धाकटी.

मास्तर उठले, घड्याळजींचा हात हातात घेऊन निरोप घेतला आणि ब्रश धुवायला गेले. त्यांना नोटिशीच्या काळात दुसरं काम शोधायला पगारी वेळ मिळेल, हे सांगायला वकीलबाई त्यांच्या मागे निघाल्या होत्या. पण त्या दारातच थांबल्या. कारण धाकटी आनंदात नव्हती. तिने मास्तरांचा डोळा उचलला होता आणि ती तो खिडकीच्या काचेला अगदी लावून बघत होती. फिरवून, तिरका करून, पुन्हा सरळ करून. ती काय शोधतेय, हे वकीलबाईंना लगेच समजलं. उत्तर मात्र त्यांना माहीत नव्हतं. या सगळ्या प्रकरणात कोणी काय केलं ते त्यांनी शोधून काढलं होतं. पण आज मास्तर खरे हरले की पुन्हा एकदा हरवून घेतलं स्वतःला, हे त्यांना त्या डोळ्याकडे बघून सांगता आलं नसतं.

बराच वेळ गेला.

"काय गं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"यात चूक कुठेच नाही," धाकटी म्हणाली. "रंग बरोबर, ठिपका बरोबर, कडंही बरोबर. नुसत्या रेषा शेवटाला जरा थकल्यात. चूक मुद्दाम करता येते, बाई. हे मुद्दाम करता येत नाही."

तिने डोळा जपून डबीत ठेवला, झाकण लावलं, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.